बत्तीस नंबरची गुल्ली

यादोजी मिस्त्री लग्नाच्या पंगतीत बसले की आधी कमरेला लटकणारी चावी मांडीवर घेत आणि मगच पत्रावळ जवळ ओढत. चावी तिजोरीची नव्हे. वीतभर लांब, टोकाला चौकोनी, वर आडवा दांडा, आणि वजन एवढं की सुतळीच्या ओढीनं त्यांची पँट कायम एका बाजूला कललेली असे. ही लेथच्या, म्हणजे लोखंड कातायच्या मशीनच्या, चकची चावी. चक म्हणजे लेथच्या तोंडाशी असलेला पंजा. ज्या लोखंडाला आकार द्यायचा ते हा पंजा आपल्या जबड्यांत धरतो आणि गरागरा फिरवतो. जबडे आवळायचे-सोडायचे ते या चावीनं.

रामाकोन्याच्या एका लग्नात मठ्ठा वाढणाऱ्यानं विचारलं, "काकाजी, हे काय लटकवून राहिले?"

मिस्त्रींनी त्याला तिथंच उभं केलं. "चावी चकमंदी राहिली अन् मशीन चालू झाली, तं चावी सुटते. समोरच्याचं डोकं फुटते. म्हणून चकमधून काढली का सिधी कमरेले."

"पण मशीन तं सौंसरले हाय."

"चावी इथं हाय म्हणूनच तं बिनघोर जेवून राहिलो."

पुढची अख्खी रांग मठ्ठ्याची वाट पाहत बसली होती. त्या रांगेत मीही होतो.

सौंसरला त्यांचं लेथचं दुकान आणि माझं झेरॉक्सचं दुकान यांच्यात एकच भिंत. दुकानामागेच त्यांचं घर. लेथ सुरू झाला की माझं मशीन थरथरे, आणि एका शेतकऱ्यानं तर जमिनीच्या खसऱ्याच्या नकलेत शेताची हद्द हलली म्हणून माझ्याशी भांडण काढलं होतं. मिस्त्री मला झेरॉक्सभाऊ म्हणत. इतक्या वर्षांत माझं खरं नाव त्यांनी विचारलं नाही, आणि मीही सांगितलं नाही.

मी स्वभावानं निराश माणूस आहे. आमच्या भागात बिघडलेलं काही पुन्हा नीट होत नाही, अशी माझी पक्की समजूत. रस्ता उखडला की उखडलेलाच राहतो, माणूस रुसला की रुसलेलाच. मिस्त्रींचं मत नेमकं उलटं होतं. जगातली कोणतीही गोष्ट नीट होते, फक्त ती धरता आली पाहिजे. "काम धरण्यात हाय," हे त्यांचं वाक्य दिवसातून दहा वेळा भिंतीपलीकडून ऐकू येई.

बोरगावचा एखादा शेतकरी पंपाचा शाफ्ट घेऊन येई. ओलित खोळंबलेलं, जीव टांगणीला. मिस्त्री शाफ्ट चार जबड्यांच्या चकमध्ये धरत, हातानं हळू फिरवत आणि खडू जवळ नेत. जिथं शाफ्ट मधोमध नाही, तिथं खडूची रेघ उमटे. मग समोरचा जबडा अर्धा फेरा ढिला करायचा, रेघेकडचा अर्धा फेरा आवळायचा, रेघ पुसायची आणि पुन्हा खडू. असा तासभर जाई.

"मिस्त्रीजी, कापाले कवा सुरुवात करता?"

"कापणं तं कोणी बी करते. काम धरण्यात हाय."

"थोडं जोरानं आवळून टाका ना जी."

"समोरचा सोडल्याबिगर इकडचा आवळाचा नाही. अर्धा फेरा. जास्त नाही."

शेतकरी माझ्याकडे येऊन बसे आणि पाणी मागे. मिस्त्रींच्या अर्ध्या फेऱ्यापायी मी किती लोकांना पाणी पाजलं, ते माझ्या माठाला माहीत.

तीन जबड्यांचाही एक चक त्यांच्याकडे होता. त्याची चावी एकदा फिरवली की तिन्ही जबडे एकदमच बंद होतात आणि जॉब, म्हणजे धरलेली वस्तू, आपोआप मधोमध येतो. वेळ वाचतो. मिस्त्रींनी तो पोत्याखाली झाकून ठेवला होता. त्याच्याबद्दल ते वाया गेलेल्या भाच्याबद्दल बोलावं तसं बोलत. माणसांचेही त्यांनी असेच प्रकार पाडले होते. कचेरीतले बाबू तीन जबड्यांचे, "एकाले चावी द्या, तिघंही संगच बंद." घरची माणसं चार जबड्यांची, "एकेकाले वेगळं वेगळं समजवा लागते." मी एकदा विचारलं, मग मी कोणता? त्यांनी मला वरून खाली पाहिलं. "तुमी फेस प्लेटवाले. ज्या जॉबले काही आकारच नाही, त्याले सपाट चकतीवर ठेवून चारी बाजूनं बोल्ट मारा लागते."

माझ्या दुकानातला पंखा डुगडुगायचा. एके दिवशी ते खडू घेऊन स्टुलावर चढले, पंखा अगदी हळू लावायला सांगितला आणि मधल्या वाटीला खडू टेकवून पाहत राहिले. दुपार गेली. गिऱ्हाइकं दारातून परत गेली. शेवटी खाली उतरून म्हणाले, "आला सेंटरले." पंखा खरंच डुगडुगायचा थांबला. वाराही लागेनासा झाला. हे त्यांच्या कानावर घातलं, तर म्हणाले, "वाऱ्याचं म्या कुठं म्हणलं होतं?"

जामसांवलीचा मारुती त्यांना फार पसंत होता. "झोपलेला हाय. पूर्ण पाठ टेकून. हलाचा सवालच नाही." एवढीच त्यांची भक्ती. खऱ्या भक्त सुमनकाकू, मिस्त्रींची बायको. त्या दर शनिवारी जामसांवलीला जायच्या. मिस्त्री त्यांना बसपर्यंत सोडायचे आणि परत येईपर्यंत भिंतीपलीकडे काहीतरी उगाच ठोकत बसायचे.

दोन वर्षांपूर्वी काकूंना लकवा मारला.

पाय हळूहळू सुधारला. जीभ तर आधीपेक्षा तिखट झाली. डावा हात मात्र मुठीत गेला तो गेला. मूठ एवढी घट्ट की नखं तळव्यात रुतायची. नागपूरच्या डॉक्टरांनी व्यायाम सांगितला आणि फार आशा ठेवू नका असंही सांगितलं. गल्लीतल्या बायका म्हणाल्या, सुमनबाई, जामसांवलीले जा, तिथं बरे होतात लोक. काकू म्हणाल्या, "बरं कर असं सांगाले नाही जायचं मले. नमस्कार कराले जायचं हाय. अन् मुठीनं नमस्कार कसा करू? देवाले बुक्की दाखवून राहिली असं दिसते. हात जोडता येईन तवाच जाईन."

त्यांनी जामसांवलीला जाणं बंद केलं. आता मिस्त्रींपुढे एकच काम राहिलं, ती मूठ.

पहिले आठ दिवस ते नुसते पाहत होते. मग माझ्याकडे येऊन म्हणाले, "जाम झालेला चक हाय, झेरॉक्सभाऊ. हातोडा मारला का गेला. याले तेल पाह्यजे, शेक पाह्यजे, अन् अर्धा फेरा."

"मिस्त्रीजी, तो माणसाचा हात आहे," मी म्हणालो.

"म्हणूनच तं अंदरून धराचा हाय."

बाहेरून धरता येत नाही अशा वस्तूला, एखाद्या नळीसारख्या पोकळ बुशला, लेथवाले आतून धरतात. किंचित निमुळता दांडा भोकात सरकवायचा, जिथं घट्ट बसेल तिथं बसतो. मिस्त्रींनी तेच योजलं. त्यांची मुलगी ममता पांढुर्ण्याला दिलेली. तिच्या सासरी संत्र्याची जुनी झाडं तोडली होती. ते लाकूड आणून त्यांनी लेथवर बोटभर लांबीचे बत्तीस निमुळते तुकडे कातले. त्यांना ते गुल्ली म्हणत. एक नंबरची पेन्सिलीएवढी जाड, बत्तीस नंबरची काकूंच्या मनगटाएवढी, आणि प्रत्येकीची जाडी आधीपेक्षा अर्धा सूत जास्त. प्रत्येकीच्या बुडाला पंचानं नंबर ठोकलेला. साऱ्या एका पत्र्याच्या डब्यात ओळीनं लावलेल्या. तयार जॉबवर जबड्याचा वण पडू नये म्हणून मध्ये तांब्याची पट्टी ठेवायची रीत आहे. इथं पट्टीऐवजी त्यांनी गुल्लीला काकूंच्या जुन्या लुगड्याची चिंधी गुंडाळली.

अमावास्येला आमच्याकडे मशीन चालवत नाहीत. तो दिवस गुल्ली बदलायचा. तिळाच्या तेलानं मालीश, मग गरम फडक्याचा शेक, मग मनगट हळूच खाली वाकवायचं. मनगट वाकलं की बोटं आपोआप थोडी सैल पडतात, हे त्यांनी स्वतःच शोधून काढलं होतं. "समोरचा सोडल्याबिगर इकडचा नाही," ते काकूंना बजावत. काकू म्हणत, "मले नका शिकवू, मी तुमच्या बोरगावचा शाफ्ट नाही." मग जुनी गुल्ली निघे आणि नवी बसे. लगेच भिंतीवर थाप पडे. "झेरॉक्सभाऊ, सात."

मी इकडून म्हणे, "बरं."

बरं म्हणताना माझा काडीचा विश्वास नसे. बत्तीस म्हणजे अडीच-पावणेतीन वर्षं झाली. तोवर काय काय होईल, कोण सांगावं. पण आठ झाली, अकरा झाली, पंधरा झाली. नखांचे व्रण भरले. एकोणिसाव्या अमावास्येला काकूंनी मला बोलावून हात दाखवला. तळव्यावरची रेष दिसत होती. "पाहा जी, नशीब दिसाले लागलं," म्हणाल्या. मी दुकानात परत आलो आणि दोन गिऱ्हाइकांना चुकीचे कागद काढून दिले.

त्याच उत्साहात मी माती खाल्ली. हनुमान जयंतीला जामसांवलीसाठी जास्तीच्या गाड्या सुटणार, अशी एक नोटीस माझ्याकडे झेरॉक्सला आली होती. तिची एक प्रत मी काकूंना नेऊन दिली. "काकू, यंदा जायचं का?"

त्यांनी नोटीस उजव्या हातात धरली आणि डाव्याकडे पाहिलं. "होईन का जी तवापर्यंत?" हे त्यांनी मला विचारलं नव्हतं. दारात मिस्त्री उभे होते, त्यांना विचारलं होतं.

मिस्त्री म्हणाले, "पाहू."

तिसऱ्या दिवशी सकाळी भिंतीपलीकडून काकूंची किंकाळी ऐकू आली. एकच. त्यानंतर थाप नाही, ठोकाठोक नाही. त्या दिवशी लेथ चालला नाही.

दुपारी ते माझ्या वारा न देणाऱ्या पंख्याखाली येऊन बसले. "जॉब खराब केला म्या," म्हणाले. एकोणिसावरून एकदम तेवीस नंबर घातली होती. अमावास्या नाही, शेक नाही, मनगटही वाकवलं नाही. बोरगावच्या शेतकऱ्यांना जन्मभर जे करू दिलं नाही, ते सगळं एका सकाळी करून बसले होते. हात कोपरापर्यंत सुजला होता आणि मूठ आधीसारखी मिटली होती.

"तिनं म्हणलं, होईन का. मले घाई सुटली." बराच वेळ ते चावीचा दांडा चोळत राहिले. "लोखंडाचा जॉब बिघडला तं भंगारात टाकतो, दुसरा घेतो."

मी म्हणालो, "होईल हळूहळू."

त्यांनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं. "तुमाले तं पह्यलेपासून वाटत नव्हतं."

ते खरंच होतं. पण त्या दिवशी ते खरं असल्याची मला लाज वाटली. आणि ती नोटीस तर मीच नेली होती.

हनुमान जयंती गेली. काकू हात पदराखाली ठेवत, मिस्त्रींना दाखवतही नसत. मिस्त्रींनी विचारलंही नाही. शेतकऱ्यांचे शाफ्ट ते मुकाट्यानं कातून देत, तेही लवकर. शेतकरी खूश होते. मला मात्र तो लवकर संपणारा लेथचा आवाज ऐकवेना.

वैशाखातल्या अमावास्येला, कसलाही शेक नसताना, काकूंनी स्वतः मूठ पदराबाहेर काढून त्यांच्यापुढे धरली. हे मला कळलं, कारण खिडकी उघडी होती आणि काकूंचा आवाज बारीक कधीच नव्हता. "आणा तुमचं दांडकं. पण अर्धा फेरा. जास्त नाही."

थोड्या वेळानं थाप पडली. "अकरा." आवाज एवढा बसका की मला आधी वाटलं दुसराच कोणी आहे.

तिथून पुन्हा बारा, तेरा. पोळ्याच्या अमावास्येला चौदा. गावात बैल सजले होते, मिस्त्रींनी लेथच्या चकलाही झेंडूची माळ घातली होती. काकू ओट्यावर बसून मुठीत चौदा नंबर धरून बैल पाहत होत्या. मी विचारलं, "काकू, कसं वाटतं?" म्हणाल्या, "बरं वाटते. ह्या वयात आता हातात खेळणं देऊन बसवलं मले." मिस्त्री मागून म्हणाले, "चैतापर्यंत एकवीस-बावीस होईन." मी मनात हिशोब केला, आणि जन्मात पहिल्यांदा मला तो जमेल असा वाटला.

पोळ्यानंतर आठव्या दिवशी, भर दुपारी, भिंतीवर थाप पडली. मी वाट पाहिली. आकडा आला नाही.

मी मागच्या दारानं गेलो. काकू खाटेवर होत्या. दुसरा झटका आला होता, आणि डॉक्टर येऊन परत गेले होते. ममता पांढुर्ण्याहून निघाली होती. मिस्त्री खाटेशी उकिडवे बसले होते. काकूंचा डावा हात त्यांच्या दोन्ही हातांत होता.

"पाहा," ते म्हणाले. "सुटली."

मूठ उघडली होती. पूर्ण. जीव जाताना स्नायू सैल पडतात, त्यात काही नवल नाही, हे मला ठाऊक होतं आणि बहुधा त्यांनाही. चौदा नंबरची गुल्ली घरंगळून चादरीवर पडली होती. त्यांनी मला डबा मागितला. मी दिला. त्यांनी शेवटची, बत्तीस नंबरची गुल्ली काढली आणि त्या तळव्यावर ठेवली. बोटं तिच्याभोवती अलगद पडली.

"बसली," ते म्हणाले.

मग ती काढून त्यांनी डब्यात तिच्या जागी ठेवली आणि काकूंचे दोन्ही हात छातीवर जोडले. बोटांना बोटं जुळेनात. एक बोट सरकवायचं, दूर होऊन पाहायचं, दुसरं सरकवायचं. बायका दारात खोळंबल्या होत्या, पण कोणी घाई केली नाही. मी तिथं उभा राहून रडलो. जन्मभर माझं म्हणणं खरं होत आलं होतं, आणि त्या दिवशी ते एकदा तरी खोटं व्हायला हवं होतं. त्याचा मला आजही राग आहे.

तेरावं झाल्यावरच्या शनिवारी मिस्त्री माझ्या दुकानात आले. "जामसांवलीले नेता का?" मी स्कूटर काढली. ते मागे बसले तेव्हा काहीतरी चुकल्यासारखं वाटलं. कमरेला चावी नव्हती.

"चावी?"

"घरी हाय. मशीन कोण चालू करते आता."

रांग मोठी होती. देव पाठ टेकून होता तसाच होता. आमची पाळी आली. मी हात जोडले, डोळे मिटले आणि काय मागावं ते न सुचल्यानं परत उघडले. मिस्त्री माझ्या शेजारी उभे होते. उजवा हात छातीशी धरलेला, सरळ. डावा खाली, मूठ आवळलेली. मुठीतून लुगड्याच्या चिंधीचं विटकं टोक दिसत होतं.

मागच्या बाईंना दर्शनाची घाई होती, पण बोलल्या प्रेमानं. "काकाजी, दोन्ही हात जोडा जी."

मिस्त्रींनी वळून पाहिलं. बोरगावच्या शेतकऱ्यांना सांगत त्याच शांत आवाजात म्हणाले, "एक हात रिकामा नाही, बाई. चौदा नंबर चालू हाय."

बाईंना काही कळलं नाही. रांग थोडा वेळ थांबून राहिली.